पिचरचं मृत्युवर्ष

(नोंद, जशी आली तशी)

'जन्म : वखारीच्या गल्लीत. मृत्यू : ——. थोर बेसबॉलपटू. पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून यांनी जे नाव कमावले त्याला तोड नाही. यांच्या हातून सुटलेला चेंडू म्हणजे साक्षात वीज! वीज तरी एक वेळ दिसते, यांचा चेंडू दिसतही नसे. अशी माणसे पुन्हा होणे नाही.'

या नोंदीतलं सगळं दुरुस्त करता येण्यासारखं होतं, मृत्यूपुढची ती आडवी रेघ सोडून.

खरं तर संस्कारकांना ती रेघच सगळ्यात सोपी वाटली होती. कोशाच्या कार्यालयात लेखक नोंद लिहितो, तपासनीस बाई माहिती तपासतात, आणि शेवटचा हात संस्कारकांचा. ते फुलोरा छाटतात, 'साक्षात' उडवतात, आणि 'पुन्हा होणे नाही' हे वाक्य तर दिसेल तिथे ठेचतात. त्या खंडात पुन्हा न होणारी माणसं इतकी निघाली होती की त्यांची रांग दाराबाहेर जाऊन इमारतीला वळसा घालून परत आत आली असती. त्यामानाने एक वर्ष भरायचं म्हणजे काय? शोधायचं, लिहायचं, चहा प्यायचा.

(इथून पुढे वाचकाने संस्कारकांबद्दल थोडं थोडं वाईट वाटून घ्यायला हरकत नाही. एकदम घेतलं तर शेवटी पुरणार नाही.)

नियम : कोशात जिवंत माणसावर नोंद नाही. हा नियम मुख्य संपादकांचा. त्यांना सगळे नुसतं 'मुख्य' म्हणत. मुख्यांच्या मते जिवंत माणूस म्हणजे कच्ची नोंद. पहिल्या खंडात भिडेखातर त्यांनी एका हयात वनस्पतिशास्त्रज्ञाला घेतलं, तर खंड बाहेर पडला त्याच आठवड्यात त्या गृहस्थांनी स्वतःचा सिद्धान्त मागे घेतला आणि मधमाश्या पाळायला निघून गेले. "मेलेला माणूस असं करत नाही," मुख्य म्हणत. "शब्दाला पक्का असतो."

अभिलाषा : 'च ते ज' या खंडात संस्कारकांचं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं. सुरुवातीच्या पानावर वर संपादक मंडळाची नावं, आणि खाली काळ्या चौकटीत खंड पुरा होण्याआधी गेलेल्या सहकाऱ्यांची. वरच्या नावांत यंदा सगळ्यात शेवटी का होईना, त्यांना जागा मिळाली होती. मुख्यांची अट एकच होती : "संपूर्ण खंडात एक चूक निघता कामा नये. निघाली, की नाव निघालं." जन्मभर दुसऱ्यांच्या नावांवरून हात फिरवलेल्या माणसाची झोप उडवायला एवढं पुष्कळ झालं. त्यात बायकोने ही बातमी तिच्या भावाला आधीच देऊन टाकली होती. या मेव्हण्याचं नाव दरवर्षी त्याच्या कंपनीच्या कॅलेंडरवर छापून येतं, आणि तेही रंगीत.

"मृत्यू कुठाय?" तपासनीस बाईंनी नोंद परत टेबलावर ठेवली.

"लेखकाला विचारतो."

"लेखक गेले. तुमच्या क्रीडाशिक्षकांना जाऊन महिने झाले. त्यांचं मृत्युवर्ष आहे माझ्याकडे, हवं तर."

ते नको होतं.

संस्कारकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कॅशियर राहतात. जिन्यात भेटलेल्या माणसाला सल्ला दिल्याशिवाय ते कठडा सोडत नाहीत. ते म्हणाले, "सुमारे घाला सुमारे! 'सुमारे' म्हटलं की माणूस कुठेही मरू शकतो. आणि बेसबॉल पिचरची नोंद वाचतंय कोण?"

"मुख्य वाचतात."

"ते वगळता?"

ते वगळता कोण वाचतं याचा संस्कारकांनी आजवर कधी विचार केला नव्हता. तो त्यांनी तिथेच जिन्यात केला आणि उरलेल्या पायऱ्या खिन्नपणे उतरले.

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात खिडकीमागच्या कारकुनाने न पाहताच विचारलं, "मृत्यूची तारीख?"

"तीच तर हवीय."

"तारखेशिवाय नोंद सापडत नाही."

"आणि नोंदीशिवाय तारीख सापडत नाही."

"मग कळलंय की तुम्हाला सगळं," कारकून कौतुकाने म्हणाला. "मयताशी नातं?"

"नातं असं नाही. मी संस्कारक."

"म्हणजे अंत्यसंस्कार तुम्हीच केलेत? आणि तारीख आम्हाला विचारताय?"

मागच्या रांगेतून कोणीतरी 'काय माणसं असतात' असं म्हणालं. (पहा : अपमान, किरकोळ.)

बेसबॉल असोसिएशनचं कार्यालय एका खोलीत होतं. तिथे जुन्या चषकांत ओल्या छत्र्या उभ्या होत्या. सचिवांनी कपाळाला आठ्या घालून आठवलं. "गेलेच असणार. किती वर्षांत वार्षिक सभेला नाहीत. सभेनंतर जेवण असतं आमच्याकडे. जिवंत माणूस ते चुकवेल का?" मग त्यांनी घरच्यांना विचारा म्हणून एक फोन नंबर दिला.

संस्कारकांनी कार्यालयातूनच फोन लावला. घसा साफ केला, त्यात बेताचं दुःख मिसळलं.

"बोला," पलीकडून खणखणीत आवाज आला. मुलगा असावा.

"कोश कार्यालयातून बोलतोय. आपल्या वडिलांबद्दल विचारायचं होतं. ते... केव्हा गेले?"

"वडील? त्याला जमाना झाला. पण ते सुतार होते हो. कोशाला सुतार कशाला लागला?"

"नाही, ते जे पिचर होते..."

"पिचर मीच. बोला."

संस्कारकांनी फोन ठेवून दिला.

मेलेला माणूस 'बोला' म्हणाला तर पुढे काय बोलावं? कोशात यावर काही नाही. त्यांनी उघडून पाहिलं. फोन पुन्हा वाजला तेव्हा ते टेबलापासून दोन पावलं मागे सरकले.

"लाइन तुटली वाटतं," तोच आवाज. "कोश म्हणालात ना? माझ्यावर नोंद येतेय? कोशात?"

आता या प्रश्नाला 'हो' हे खरं उत्तर होतं आणि 'नाही' हेही खरं होतं. संस्कारकांच्या तोंडून तिसरंच निघालं : "तब्येत कशी आहे आपली?"

"एकदम उत्तम!"

आणि हे ऐकून आपलं मन किंचित खट्टू झालं, हे संस्कारकांच्या लक्षात आलं. स्वभावाने ते मुंगीला वळसा घालून जाणारे गृहस्थ. त्यांनी फोनच्या वायरीला घट्ट धरलं. आपण कोण होऊन बसलोय?

"वय झालंय ना त्यांचं?" संध्याकाळी कॅशियरांनी चौकशी केली. "गुडघे? दम? खोकला वगैरे? मग थोडी वाट पाहा."

"कसली वाट?"

"ते तुम्हाला कळलंय."

"खंड सोमवारी छपाईला जातो."

"मग कठीण आहे," कॅशियर म्हणाले. दुःख त्यांना खरोखरच झालं होतं, फक्त कशाचं ते सांगता येत नव्हतं.

भेटायला तर जावंच लागणार होतं. आपल्यावर नोंद येणार नाही हे एखाद्याला तोंडावर सांगायचं, तर निदान काहीतरी घेऊन जावं म्हणून संस्कारकांनी फळं घेतली.

"अहो, फळं कसली?" बायको म्हणाली. "आजारी माणसाला नेतात फळं. त्यांना वाटेल, तुम्ही आशेवर आहात."

फळं घरीच राहिली.

पिचर तिसऱ्या मजल्यावर राहत होते. ते न्यायला खाली आले आणि दोन-दोन पायऱ्या घेत वर गेले. धाप संस्कारकांना लागली. खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीवर टोपी. चहा आला. पिचरनी नोंद हातात घेतली आणि सावकाश वाचली.

"वीज?" ते म्हणाले. "माझा चेंडू? अहो, माझ्या चेंडूला आयुष्यात कधी घाई नव्हती. हे मास्तरांनी लिहिलंय ना? त्यांनी मला खेळताना पाहिलंच नव्हतं, चष्मा विसरून यायचे. मी चकवा टाकायचो."

"चकवा?"

"हात फिरतो जोरात, चेंडू सुटतो सावकाश. बॅटर हाताकडे बघून बॅट फिरवून मोकळा होतो. चेंडू मागून येतो, यजमान झोपल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. मीच काढला तो, आमच्या कारखान्यामागे, वडिलांचा डोळा चुकवून. झेला."

त्यांनी पलंगावरच्या मोज्यांचा गोळा केला आणि हात असा फिरवला की संस्कारकांनी डोळे मिटून दोन्ही तळवे घट्ट मिटले. तळव्यांत काहीच आलं नाही. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा मोजे त्यांच्या नाकावर येऊन अलगद टेकले.

"सगळे आधी फिरतात," पिचर समाधानाने म्हणाले. "हे घाला. वीज काढा. आता कोणी टाकत नाही हा चेंडू. वेग मोजायची यंत्रं आलीत, आकडा कमी दिसला की कोच रडायला लागतात. निदान कोशात तरी राहील."

नियम सांगायला संस्कारकांनी तोंड उघडलं. पिचर त्या वेळी नोंदीचा कागद दोन्ही हातांनी, मागून आधार देऊन धरून बसले होते, तान्हं मूल धरावं तसा. संस्कारकांनी तोंड मिटलं आणि साखर मागितली.

(नोंद, दुसरा हात)

'मृत्यू : ——. पिचर. ~~वीज~~ संथ चेंडू टाकत ~~असत~~ ~~असतात~~ असत. यांच्या चकव्याने बॅटर आधी फिरत. ~~पुन्हा होणे नाही~~ तिसऱ्या मजल्यावर असतात. ~~असत~~'

'असत' आणि 'असतात' यांच्यामध्ये कागदाला भोक पडलं. तपासनीस बाईंनी त्या भोकातून संस्कारकांकडे पाहिलं. "माणूस जिवंत आहे ना?"

"हळू बोला!"

"मी मुख्यांना सांगणार नाही. पण चुकीचं वर्षही जाऊ देणार नाही. काय ते तुम्ही ठरवा."

ठरवायला वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पिचर स्वतःच कार्यालयात आले. कोटाच्या आत संघाचा जुना शर्ट, डोक्यावर टोपी, हातात दुरुस्त्यांचा कागद. संस्कारक त्यांना कपाटाआड ढकलणार, तोच मुख्य खोलीतून बाहेर आले. मुख्यांनी आधी टेबलावरचा नोंदीचा फोटो पाहिला, मग पाहुणे पाहिले.

"साम्य आहे," ते म्हणाले. "आपण बंधू ना त्यांचे?"

संस्कारकांच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याचा अर्थ काहीही घेता आला असता. मुख्यांनी तो 'हो' असा घेतला.

मुख्यांनी पिचरचे दोन्ही हात हातात घेतले. "फार मोठा माणूस. या कोशात आम्ही फक्त गेलेल्यांना घेतो, तेव्हा उशीर हा व्हायचाच. पण त्यांची जागा आता पक्की झाली. शेवट कसा झाला? त्रास नाही ना झाला?"

 पिचरची नजर मुख्यांवरून संस्कारकांवर आली. संस्कारक स्वतःच्या बुटांचे बंद वाचत होते. मग पिचर शांतपणे म्हणाले, "त्रास नाही झाला. त्यांना कळलंसुद्धा नाही. कोणीतरी सांगितलं तेव्हा कळलं."

"भाग्यवान," मुख्य म्हणाले. "आणि वर्ष?"

"ते... घरी विचारून सांगतो."

मुख्य आत गेले. पिचर जिन्यात आले आणि पायरीवर बसले. दोन पायऱ्या एकदम घेणारा माणूस बसलेला पाहून संस्कारकांना उभं राहवेना. तेही शेजारी बसले.

"म्हणजे मी असलो तर नोंद नाही?"

"नाही."

"आणि छपाई केव्हा?"

"सोमवारी."

पिचरनी मनाशी अंदाज घेतला. "एवढ्यात जमेल असं वाटत नाही हो मला."

"छे छे, तसं काही मनातसुद्धा... म्हणून तर तुमच्यासाठी घेतलेली फळंही मी घरीच ठेवली."

"त्या दिवशी फोनवर तब्येत विचारलीत, तेव्हाच मला जरा वेगळं वाटलं होतं." ते हसले, पण हसू टोपीच्या खालीच राहिलं. "गेल्यावर लिहाल हो तुम्ही, चांगलं लिहाल. पण ते वाचणार कोण? मला वाटलं होतं, असताना एकदा वाचावं. बाकी काही नाही." दुरुस्त्यांचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि कठडा धरून, एक-एक पायरी करत खाली गेले.

घरी संस्कारकांनी जेवताना दोनदा पाण्याऐवजी बायकोचा चष्मा उचलला. वर्ष घातलं, की खोटं. नोंद काढली, की तो कागदाची घडी करणारा माणूस. न काढता न घालता पाठवली, की मुख्य, चूक, नाव आणि मेव्हणा, याच क्रमाने.

"त्या मेव्हण्याचं जाऊ द्या हो," बायको एकदम म्हणाली. तिचाच भाऊ होता, म्हणून याला महत्त्व. "त्याच्या कॅलेंडरवर आपण दूध ठेवतो. तुम्ही त्या म्हाताऱ्यांचं काहीतरी करा."

वाट दाखवली ती तपासनीस बाईंनी, आणि तीही बिस्किट चहात बुडवता बुडवता. "नियम नीट वाचा. जिवंत माणसाला बंदी आहे. चेंडूला कुठाय?"

संस्कारकांनी पेन उचललं.

(नोंद, तिसरा हात)

'चकवा : बेसबॉलमधील एक संथ चेंडू. जन्म वखारीच्या गल्लीत, सुताराच्या कारखान्यामागे, घरच्यांच्या इच्छेविरुद्ध. बालपणी याच्यामुळे शेजाऱ्यांच्या अनेक काचा फुटल्या. वडिलांनी याला सुतारकामात घालण्याचा प्रयत्न केला, परंतु याचे मन रमले नाही. लग्नानंतर याच्यात स्थैर्य आले. एका अंतिम सामन्यात मैदानावरच्या सर्व बेसवर प्रतिस्पर्धी धावायला टपून उभे असताना हा इतक्या सावकाश आला की बॅटर फिरून, खाली बसून, उठताना त्याला भेटला. स्वभाव मिस्कील. चहा बिनसाखरेचा.'

मुख्यांनी नोंद वाचली. एकदा चष्म्यातून, एकदा चष्म्यावरून.

"या चेंडूचं लग्न झालेलं दिसतं."

"लाक्षणिक अर्थाने, साहेब."

"आणि चहा?"

"तो काढतो."

"काढा." मुख्यांनी कागद पुन्हा जवळ ओढला. "टाकणाऱ्याचं नाव का नाही यात? बंदी नोंदीला आहे, नावाला नाही. घाला. आणि त्यांच्या त्या... बंधूंना कळवा. बरे आहेत ना बंधू?"

"उत्तम आहेत."

"असू देत," असं म्हणून मुख्यांनी सही केली. त्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, हे शेवटपर्यंत कुणाला विचारायचं धाडस झालं नाही.

मग धावपळ. पिचरची नोंद 'ज'मध्ये होती, चकवा 'च'मध्ये आला. मधली सगळी पानं सरकली, छापखान्याचा माणूस दारात पाय आपटत उभा. सगळ्यात शेवटी राहिलं सुरुवातीचं पान. "क्रीडाशिक्षकांचं नाव अजून मंडळात आहे," तपासनीस बाईंनी दाखवलं. "ते खाली चौकटीत न्या." हे काम संस्कारकांच्या हातचं. नावाला वेटोळं घालून, तिथून बाण काढून योग्य जागी नेऊन टेकवायचा, त्यांच्या बाणांची छापखान्यात वाखाणणी होत असे. क्रीडाशिक्षकांच्या खालच्याच ओळीत त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्याच्याकडे पाहत पाहत त्यांनी बाण काढला. बाण सुरेख आला.

खंड घरी आला, तेव्हा बायकोने टेबल पुसलं, हात पुसले आणि पहिलं पान उघडलं. वाचता वाचता तिचा आवाज खाली खाली गेला.

"अहो, वर तुमचं नाव नाही."

"शेवटचं बघ."

"शेवटी ते क्रीडाशिक्षक आहेत." पानावरून बोट खाली नेत ती म्हणाली, "तुम्ही खाली आहात."

खाली, काळ्या चौकटीत, ठळक टायपात, एकही मात्रा न चुकता, संस्कारक होते. बाण जिथे सुरू व्हायला हवा होता तिथे सुरू झाला नव्हता. जिथे त्यांची नजर होती तिथे झाला होता.

नोंदी कोणी वाचत नसलं, तरी काळी चौकट सगळ्यांनी वाचली होती. दारावर टकटक झाली. कॅशियर उभे होते, मान खाली घालून. मान वर केली आणि संस्कारकांना पाहून ते इतके दचकले की सल्ला द्यायचंच विसरले. त्यांच्या ओळखीत असं प्रथमच घडत होतं. मेव्हण्याचा निरोप आला : निघतोय, लागेल ते सांगा. बायको म्हणाली, "बघा, कॅलेंडरवर नाव आलं तेव्हा त्याच्याकडे कुणी गेलं नव्हतं." तिने ते समजूत घालण्यासाठी म्हटलं होतं.

फोन वाजला. संस्कारकांनी उचलला. "बोला."

पलीकडे कोणीतरी दचकून श्वास घेतला आणि फोन ठेवला. पुन्हा वाजला. "बोला." पुन्हा ठेवला. बहुतेक कार्यालयातला कोणीतरी असावा. मेलेला माणूस 'बोला' म्हणाल्यावर काय बोलायचं, हे कोशात अजूनही नव्हतं.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा संस्कारक काहीच बोलले नाहीत. नुसता कानाला लावून उभे राहिले.

"वाचली," पलीकडून खणखणीत आवाज आला. "उभ्याने वाचली, बसून वाचली. खालच्या मजल्यावरच्यांना वाचून दाखवली. चहाचं का काढलंत?"

"मुख्यांनी सांगितलं," संस्कारक क्षीणपणे म्हणाले. "तुम्ही सुरुवातीचं पान..."

"पाहिलं की. पाहिलं म्हणून तर फोन केला." पिचर पोट धरून हसत असावेत, आवाज मधूनच गायब होत होता. "मी इतकं शिकवलं, मोजे नाकावर मारून शिकवलं, तरी शेवटी तेच केलंत!"

"काय केलं?"

"आधी फिरलात हो! चेंडू अजून आलाच नाहीये. या आता चहाला. आणि येताना ती फळं आणा."